फळ्यावर न लिहिलेलं

रोज सकाळी साडेपाचला
दुकानाबाहेरच्या फळ्यावर मी खडूने लिहिते:
पाणी बावन्न फॅरनहाइट.
वारा अकरापर्यंत नाही, मग नैऋत्येचा, मग देव जाणे.
बर्फ फक्त बोटींच्या दोरांवर.

ऑर्व्हल हचिंग्ज होता तोवर अक्षर त्याचं असायचं,
तिरकं, गळाला लागून निसटू पाहणारं.
गिऱ्हाइकं म्हणतात,
बिडार्टबाईंचं अक्षर वाचता येतं,
पण मासे ऑर्व्हलच्याच अक्षराला लागायचे.

ऑक्टोबरात तळं कूस बदलतं.
उन्हाळाभर वरचं पाणी वर, तळचं तळाशी,
एका छपराखाली अबोला धरलेल्या भावांसारखं.
मग एका रात्री वरचं गारठून जड होतं,
बुडतं, खालच्याला वर ढकलतं,
आणि दोन दिवस सगळं तळं उकळून ठेवलेल्या चहासारखं.
तेव्हा गळ टाकू नका. पत्ते खेळा.
तिसऱ्या दिवशी मासा कुठेही असतो,
म्हणजे कुठेही शोधावा लागतो.

शिशाच्या दोराचे तीन रंग सोडा, चार नकोत.
बोट इतकी सावकाश
की सिगारेटचा धूर तुमच्या पुढे निघून जावा.
ऊन असेल तर तांबूस भिंगरी, ढग असतील तर काळी.
लाटांची टोकं पांढरी दिसली की परत फिरा,
फुशारकी नको;
पाणी इतकं उतरलंय की धक्का संपल्यावर
चिखलातून तीस पावलं चालायचंय.

एवढं सगळं लिहिते.
ओढा तळ्याला मिळतो ती जागा लिहीत नाही.

सहा वर्षांपूर्वी तिथे, गुडघाभर पाण्यात,
माझ्या गळाला तपकिरी ट्राउट लागली,
कोपरापासून बोटांपर्यंत लांब.
फार झगडली नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.
उचलली तर गाबोळी ओघळली,
नारिंगी, गार,
मनगटावरच्या घड्याळाच्या काचेला चिकटली.
ऑर्व्हल मागे उभा होता. बोलला नाही.
गळ काढला, तिचं तोंड प्रवाहाकडे केलं,
धरून राहिला,
आणि ती गेल्यावरही त्याचे हात
पाण्यात तसेच, कुणाला तरी धरल्यासारखे.
दुसऱ्या दिवशी फळ्यावरून
‘ओढ्याचं तोंड’ बाहीने पुसलेलं होतं.
तो पांढुरका डाग अजून आहे. मी त्याच्यावर लिहीत नाही.

परवा रीनोहून एक पोरगा आला,
छातीपर्यंतचे रबरी बूट, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.
ओढ्यापाशी काय आहे? म्हणाला.
पानं, मी म्हटलं. नुसती पानं.
खोटं नाही. ॲस्पेनची पानं आहेतच तिथे,
पाण्याच्या वळणावर ढीगभर.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या डागाकडे,
आणि शिशाचा दोर विकत घेतला.

आज हंगाम संपला.
बोटी पालथ्या घातल्या, फळा आत नेला,
उरलेली अळ्यांची डबी कोंबड्यांना.
मग ओढ्यावर गेले, हातात काही न घेता.

वाटेत ॲस्पेनच्या खोडावर आजोबांचं नाव आहे.
पिरेनीजहून आलेले, मेंढ्या राखायचे,
बायको यायला अजून चार वर्षं होती.
‘बिडार्ट, १९३१’, चाकूच्या टोकाने, बारीक.
झाड जाड होत गेलं तशी अक्षरं पसरत गेली,
आता ती लांबूनही वाचता येतात,
जवळून नाही.

काठावरच्या चिखलात नव्या बुटांचे ठसे.
पाण्यापर्यंत आलेले,
तिथे बराच वेळ उभे राहिलेले, टाचा खोल रुतलेल्या,
मग वळलेले.
गळ टाकला की नाही, ते चिखल सांगत नाही.

वाळूवर मात्र दोन-तीन पाठी होत्या, काळ्या,
शेपटीने खडे उडवत खळगे करणाऱ्या.
एक पान येऊन एकीच्या पाठीवर क्षणभर अडलं.

सवयीने खिशातून थर्मामीटर काढला, बुडवला.
सेहेचाळीस.
आता हे कुठे लिहू?